भुलाबाईचें अंगण

दिवेलागणीची वेळ झाली आहे. घरांतली दहा-बारा वर्षांची नात मोबाईलच्या पडद्यांत डोकें घालून बसली आहे. देवापुढें दिवा लावून आलेली आजी विचारते, "काय करून राहिली, बाई?" नात मान वर न करितां उत्तर देते, "अंगण झाडून राहिली, आजी." पडद्यावर खरोखरच एक इवलेसें घर आहे, घरापुढें अंगण आहे, अंगणांत गवत माजलें आहे, आणि पलीकडच्या घरची मैत्रीण, जी प्रत्यक्षांत नागपूरला किंवा पुण्याला राहते, ती नुकतीच येऊन हिच्या झाडांना पाणी घालून गेली आहे. आजी कपाळाला हात लावते. खरें अंगण तसेंच पडलें आहे आणि खोटें मात्र लख्ख झालें आहे, असें तिचें म्हणणें. यवतमाळपासून मुंबईपर्यंत सुशिक्षित कुटुंबांतून हा संवाद आज थोड्याफार फरकानें रोज घडत असतो.

प्रथमदर्शनीं आजीचा पक्ष सबळ दिसतो. परंतु येथें एक प्रश्न उभा राहतो, आणि तो वाटतो तितका सोपा नाहीं. घर खोटें असलें म्हणजे त्या घराच्या निमित्तानें जोडलेला शेजारहि खोटाच ठरतो काय? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. आजी जर वऱ्हाडची असेल, तर तिनें स्वतः आपल्या लहानपणीं दरवर्षीं महिनाभर एका खोट्या घरांत संसार मांडलेला असतो. त्या घराचें नांव भुलाबाई.

भाद्रपदाची पौर्णिमा आली कीं यवतमाळ, अमरावती, अकोला या भागांतील मुली कुंभाराकडून मातीची मूर्ति आणीत. भुलोजी आणि भुलाबाई शेजारीं शेजारीं बसलेलीं, आणि मांडीवर बाळ गणोबा. भुलोजी म्हणजे शंकर आणि भुलाबाई म्हणजे भिल्लिणीचा वेष घेतलेली पार्वती, असें सांगतात. सारीपाटांत हरून रुसून गेलेल्या शंकरास तिनें या वेषांत भुलविलें, म्हणून ती भुलाबाई, अशी लोककथा आहे. देव्हाऱ्यांतल्या देवांहून हीं दैवतें अगदीं वेगळीं. यांना सोंवळें नाहीं, मंत्र नाहीं, पुरोहित नाहीं. यांची सर्व व्यवस्था मुलींच्या हातीं. आश्विनांतल्या कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळीं टिपऱ्या घेऊन मुली एकमेकींच्या घरीं जात, भुलाबाईपुढें फेर धरून गाणीं म्हणत, आणि खिरापत खाऊन पुढच्या घरीं वळत. खानदेशांत हीच गुलाबाई होते. पश्चिम महाराष्ट्रांत पाटावर हत्ती काढून त्याच्याभोंवतीं खेळला जाणारा भोंडला हा तिचाच नातलग. कोठें महिनाभराचा हा खेळ आतां दसऱ्यापासून कोजागरीपर्यंत आखडला आहे. पण तो सर्वस्वीं लोपलेला नाहीं.

या खेळाचा विषय काय, हें पाहिलें म्हणजे मौज वाटते. तेथें राजे नाहींत, लढाया नाहींत, राक्षस नाहींत. सासू, सासरे, दीर, नणंद; हरवलेला दागिना, करपलेली भाकरी, माहेराहून आलेला भाऊ, न मिळालेली परवानगी; बाळंतपण, डोहाळे, पाळणा. एका कुटुंबाचा रोजचा संसार, एवढाच त्या गाण्यांचा विस्तार. आज ज्या खेळांस जीवनाची प्रतिकृति करणारे खेळ म्हणतात, त्यांचीहि सामग्री हीच आहे: घर, शेत, स्वयंपाक, शेजार आणि ऋतु. त्यांत कोणी कोणास मारीत नाहीं आणि शेवटीं कोणी जिंकीतहि नाहीं.

भुलाबाईच्या खेळाचें मर्म मात्र गाण्यांत नसून खिरापतींत आहे, असें मला वाटतें. प्रत्येक घरची खिरापत झांकलेल्या डब्यांत असे आणि ती ओळखल्याशिवाय खावयास मिळत नसे. डबा कानाशीं हलवावयाचा, गोड कीं तिखट तें विचारावयाचें, आणि अंदाज बांधावयाचा. वरवर पाहतां ही थट्टा. परंतु बंद डब्यांत काय आहे हें सांगण्यास शेजारणीच्या स्वयंपाकघराची किती माहिती लागते, याचा विचार करावा. या घरीं यंदा तीळ झाले आहेत. त्या घरीं दुभतें आटलें आहे, तेव्हां पेढे असणार नाहींत. पलीकडच्या काकूंचा हात फुटाण्यांपलीकडे जाणार नाहीं, कारण काका अंथरुणावर आहेत. ज्या मुलीला हें ठाऊक, ती खिरापत ओळखे. महिनाभर रोज संध्याकाळीं आळींतल्या घरोघरच्या डब्यांचा अंदाज बांधणाऱ्या मुलींना शेजार म्हणजे काय हें शिकविण्यास वेगळी शाळा लागत नव्हती. दारिद्र्याची वास्तपुस्त न करितां तें ओळखावयाचें, आणि मूठभर फुटाण्यांनाहि पेढ्यांइतक्याच आनंदानें हात पुढें करावयाचा, हा त्या खेळाचा अलिखित नियम होता.

आतां हा खेळ खेळणाऱ्या मुली कोण होत्या, तें पाहूं. मुलीचें लग्नाचें वय चौदा ठरविणारा बालविवाहप्रतिबंधक कायदा १९२९ सालीं झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अमलांत आला. त्यापूर्वीं, आणि खेड्यापाड्यांतून त्यानंतरहि पुष्कळ वर्षें, दहा-अकराव्या वर्षीं मुलगी परक्या घरीं जात असे. रमाबाई रानडे यांचें लग्न १८७३ सालीं झालें, तेव्हां त्या अकरा वर्षांच्या होत्या. भातुकलीचीं इवलीं भांडीं आणि बाहुला-बाहुलीचीं लग्नें यांचाहि काळ हाच. बाहुलीच्या लग्नांत आळींतल्या दोन घरांच्या मुली एकमेकींच्या विहिणी होत, मानापमान होत, रुसवे निघत. आणि वर्षा-दोन वर्षांत त्याच मुलींपैकीं एखादी खऱ्या मांडवांत उभी राही. खेळांतला संसार हा उद्यांच्या संसाराची तालीम होता, असें आपण म्हणतों. पण तें अर्धेंच सत्य आहे. जिला घर सोडून जावयाचें आहे, तिनें जातांना बरोबर नेतां येईल असें एक घर मनांत बांधून ठेवण्याची ती खटपट होती. सासरच्या गांवीं सारेंच परकें. परंतु भाद्रपद आला कीं तेथेंहि तींच गाणीं, तोच फेर आणि तेंच बंद डब्यांतलें गुपित. फरक एवढाच, कीं काल खिरापत ओळखणारी मुलगी आज ती रांधून झांकणारी सून झालेली असे. खेळांतली जागा बदलली, तरी ती खेळाबाहेर पडत नसे.

यवतमाळ जिल्ह्यांतील पुसद, दिग्रस, दारव्हा या बाजूंस बंजाऱ्यांचे तांडे पुष्कळ आहेत. त्यांच्या तीज या उत्सवांत हाच विचार निराळ्या रूपानें दिसतो. श्रावणांत तांड्यांतील कुमारिका नायकाची परवानगी घेऊन टोपल्यांत माती भरतात, तींत गहू पेरतात, आणि नऊ दिवस त्यांस नेमानें पाणी घालून भोंवतीं गातात, नाचतात. शेवटीं ते पोपटी अंकुर वांटून टोपल्यांचें विसर्जन होतें. हें शेत पोटासाठीं नसतें. त्यांतून एक दाणाहि घरीं यावयाचा नसतो. तें एकत्र जमण्यासाठींच पेरलेलें असतें. याच समाजांत नवरी सासरीं निघतांना जें रडगाणें गाते त्यास ढावलो म्हणतात. टोपलींतलें हिरवें शेत आणि ढावलो हीं दोन्हीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं, म्हणजे मुलींच्या खेळाला एवढा जिव्हाळा कोठून आला तें उमगतें.

घर सोडणें हें या भागाच्या मनांत किती खोल रुजलें आहे, याची एक खूण रेल्वेच्या नांवांतहि सांपडते. वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठीं एका ब्रिटिश कंपनीनें मूर्तिजापूर आणि यवतमाळ यांच्यामध्यें अरुंद रुळांचा मार्ग घातला. १९९४ पर्यंत त्यावर वाफेचें इंजिन चालत होतें. आतां ती गाडी बंद आहे. या गाडीला लोक शकुंतला म्हणत. नांवाचें मूळ कांहीं असो. कण्वाच्या आश्रमांतून सासरीं निघालेल्या मुलीचें नांव धारण करणाऱ्या त्या गाडीनें कापसाच्या गांठींबरोबर किती नव्या नवऱ्या नेल्या असतील, याचा हिशेब कोणत्याहि कंपनीच्या दप्तरांत असणार नाहीं.

येथून आपण पडद्यावरच्या घरांकडे वळूं. कारण त्या घरांचा इतिहासहि घर हरवलेल्या माणसांपासूनच सुरू होतो. १९९१ सालीं अमेरिकेंतील ओकलंड येथें मोठा वणवा पेटला आणि त्यांत विल राइट या खेळ रचणाऱ्या गृहस्थाचें घर जळालें. पुन्हा संसार उभारतांना कोणती वस्तु आधीं घ्यावी आणि कां, याचा जो विचार त्याला करावा लागला, त्यांतून पुढें २००० सालीं ‘द सिम्स’ हा घर मांडण्याचा खेळ निघाला. जपानमधील यासुहिरो वादा हा मियाझाकीच्या ग्रामीण भागांत वाढून टोकियोस आला. मागें राहिलेल्या गांवाची ओढ त्याला स्वस्थ बसूं देईना. १९९६ सालीं त्यानें एका लहानशा शेताची आणि गांवाची कथा खेळरूपानें मांडली. कात्सुया एगुची हा चिबाहून क्योटोस नोकरीसाठीं आलेला. आप्त नाहींत, स्नेही नाहींत, आणि माणसांचा सहवास ही केवढी मोलाची वस्तु आहे याची जाणीव मात्र रोज होते, अशा स्थितींतून त्याचा ‘प्राण्यांचें वन’ हा खेळ जन्मास आला. तो २००१ सालीं जपानांत निघाला आणि पुढें ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ या नांवानें जगभर गेला. एगुची रात्रीं उशिरां घरीं येई. म्हणून या खेळांत एकाच गांवीं घरांतल्या चौघांनीं निरनिराळ्या वेळीं यावें, एकमेकांसाठीं पत्र किंवा भेटवस्तु ठेवून जावें, अशी योजना त्यानें केली. एकाचें घर आगींत गेलेलें, दोघांचीं मागें राहिलेलीं. तिघांनींहि त्याची भरपाई खेळांतल्या घरानें केली. वऱ्हाडांतल्या मुलीला हें सांगितलें असतें, तर तिला त्यांत नवल वाटलें नसतें.

योगायोग असा, कीं वादाचा खेळ ज्या १९९६ सालीं निघाला त्याच सालीं परदेशीं गेलेल्या मराठी माणसांसाठीं ‘मायबोली’ हें इंटरनेटवरील मराठी अंगण उघडलें. हिंदुस्थानांत सामान्य नागरिकांस इंटरनेट मिळूं लागून तेव्हां जेमतेम वर्ष झालें होतें. माहेरापासून दूर गेलेल्यांनींच आधीं अंगण आंखावें, हा क्रम येथेंहि चुकलेला नाहीं.

या नव्या अंगणांची खरी परीक्षा २०२० सालीं झाली. २० मार्च रोजीं ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ची नवी आवृत्ति निघाली, आणि २५ मार्चपासून आपल्या देशांत टाळेबंदी सुरू झाली, जगांत इतरत्रहि दारें लागलीं होतीं किंवा लागत होतीं. ज्यांचीं लग्नें लांबणीवर पडलीं, त्यांतील कित्येकांनीं पडद्यावरच्या बेटावर मित्रमंडळी जमवून तीं साजरीं केलीं. वाढदिवस झाले, भेटी झाल्या. त्या खेळाच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. दाराबाहेर पाऊल टाकण्याची बंदी असतां माणसांनीं शेजार शोधला, आणि तो मिळाला, हें खोटें कसें म्हणावें?

तथापि आजीच्या शंकेंत तथ्य नाहीं असें नाहीं. मात्र तें घराच्या खरेखोटेपणांत नसून दुसरीकडे आहे. २००९ च्या जून महिन्यांत ‘फार्मव्हिल’ नांवाचा शेतीचा खेळ फेसबुकवर आला. भरभराटीच्या काळांत महिन्याला आठ कोटींच्या आसपास माणसें तो खेळत. त्या शेतांतलें पीक बुडे तें एकाच कारणानें: मालक वेळेवर आला नाहीं म्हणून. यवतमाळच्या शेतकऱ्यास असें शेत स्वप्नांतहि मिळावयाचें नाहीं. त्याच्या कापसाला पावसाचा, बोंडअळीचा, भावाचा आणि कर्जाचा धाक असतो. त्या खेळांत शेजारीहि होते, आणि त्यांना शेजारी असेंच म्हणत. परंतु शेजाऱ्यास भेट पाठवावयाची ती एक खूण दाबून. त्याला काय हवें आहे हें जाणण्याची गरज क्वचितच पडे. डबा होता, पण तो हलवून पाहण्याचें कारण नव्हतें. पुढें ज्या तंत्रावर तो खेळ उभा होता तें कालबाह्य झालें, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजीं चालकांनीं तो बंद केला. अकरा वर्षें नांगरलेलीं शेतें एका रात्रींत नाहींशीं झालीं.

विसर्जन भुलाबाईचेंहि होतें. कोजागरीच्या रात्रीं ज्वारीच्या धांड्यांच्या खोपींत तिची पूजा होते, दूध होतें, आणि मग ती मातीची जोडी पाण्यांत सोडली जाते. पण या विसर्जनानंतर कोणी पोरकें होत नाहीं. कारण कुंभाराच्या चाकावर माती पुन्हा चढते आणि गाणीं मुलींच्या ओठांवर असतात. पडद्यावरच्या अंगणाची किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशांत असते. तो जेव्हां दार लावील, तेव्हां सोबत न्यावयास काय उरतें? उरतो तो शेजारच. आणि तोहि आधीं जोडला असेल तरच.

येथें जुन्या अंगणाची एक उणीव न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. भुलाबाईचा फेर सर्व मुलींसाठीं मोकळा नव्हता. आळी ही बहुधा जातीची आळी असे. गांवकुसाबाहेरच्या मुलीला वाड्यांतला डबा हलवावयास मिळत नव्हता, आणि तांडा तर गांवापासून दूरच. उलट पडद्यावरच्या अंगणांत येणाऱ्याचें कूळ बहुधा कोणी विचारीत नाहीं. ज्याला गांवांत, शाळेंत किंवा घरांतहि आपलें म्हणणारें कोणी नव्हतें, अशा कित्येकांना तेथें पहिल्यानें कोणीतरी नांवानें हांक मारली. जुन्याचें गुणगान करितांना हें विसरतां कामा नये.

घर मोडलेल्यांनीं घराचा खेळ मांडावा, याचें सर्वांत उत्कट उदाहरण यवतमाळनेंच अलीकडे पाहिलें आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें या जिल्ह्याचें नांव देशभर गेलें. मागें राहिलेल्या स्त्रियांपैकीं कांहींजणींनीं ‘तेरवं’ या नाटकांत भूमिका केल्या. श्याम पेठकर यांनीं तें लिहिलें आणि हरीश इथापे यांनीं दिग्दर्शित केलें. आपलाच मोडलेला संसार रंगभूमीवर उभा करणाऱ्या या नटी नव्हेत, शेतकरणी. त्यांपैकीं वैशाली येडे यांच्या हस्तें ११ जानेवारी २०१९ रोजीं यवतमाळच्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें उद्घाटन झालें. अध्यक्षस्थानीं लोकसाहित्याच्या अभ्यासक अरुणा ढेरे होत्या. रंगमंचावरचें तें घर खोटेंच होतें. पण एकटीनें सोसलेलें दुःख तेथें दहाजणींचें झालें, हें खोटें नव्हतें.

म्हणून आजीला एवढेंच सुचवावेंसें वाटतें, कीं नातीच्या हातांतला पडदा ओढून घेण्यापूर्वीं तिच्याजवळ बसून एक प्रश्न विचारावा: "तुझ्या त्या मैत्रिणीच्या घरीं सध्यां काय चाललंय, माहीत आहे काय?" नातीनें जर सांगितलें, कीं तिची परीक्षा बिघडली आहे, तिचे बाबा आजारी आहेत, म्हणून मीं आज तिच्या अंगणांत तिच्या आवडीचीं फुलें लावलीं, तर समजावें कीं डबा हलवून पाहण्याची विद्या लोपलेली नाहीं. आणि उत्तर आलें नाहीं, तर रागावूं नये. येत्या भाद्रपदांत कुंभाराकडून मातीची एक जोडी आणावी आणि आळींतल्या मुलींना बोलवावें, या खेपेस गांवकुसाबाहेरच्या मुलींनाहि. ज्वारी मागें पडून आतां जिकडे तिकडे सोयाबीन झाली आहे. तरी खोपीपुरते पांच धांडे अजून कोणाच्या तरी बांधावर मिळतील. खिरापत मात्र घट्ट झांकून ठेवावी.